घरच्या बिअरचा पहिला केग: सिलिंडर घेऊ की साखर घालू? सल्ला हवा

सातूचं_पीठ:
नमस्कार मंडळी. एडिसन, न्यू जर्सीहून लिहितेय. आतापर्यंत घरची बिअर बाटल्यांत भरत आले. पण बाटल्या धुणं आणि झाकणं ठोकणं याचा वीट आलाय, म्हणून आता केग, म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप. ऑगस्टमध्ये नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस आहे, मागच्या अंगणातच करायचाय. पाच गॅलन पेल एल (फिकट रंगाची बिअर) फर्मेंटरमध्ये आहे, आंबणं संपत आलंय. हातात चार आठवडे आहेत.

बजेट २०० डॉलर, फार ताणलं तर २५०. गराजमध्ये जुना फ्रिज आहे, शेल्फ काढलं की एक केग मावतो. पण त्यात सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या आणि बाकी पसारा आहे, त्यामुळे तो मला शेवटचे तीन-चार दिवसच मिळेल. तोवर केग बेसमेंटात राहणार, तिथे ७० फॅरनहाइटच्या आसपास असतं. बिअर फसफसवायची कशी, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने की साखर घालून, आणि तोवर ठेवायची कशी?

केगेश्वर:
ताई, एकदाच खर्च करा आणि मोकळ्या व्हा. सात क्यूबिक फुटांचा चेस्ट फ्रीझर, त्यावर इंकबर्डचा तापमान-कंट्रोलर, वर लाकडी कॉलर (चौकट) आणि चार नळ. मला सगळं मिळून अकराशेच्या आत पडलं (लाकूड घरचं होतं). फोटो टाकू का?

रानमेवा:
रुमाल टाकून ठेवतो. वाचतोय.

निवांत:
यात विचार करण्यासारखं काही नाही. ३८ फॅरनहाइट, गॅसचा दाब १२ पीएसआय, दहा ते चौदा दिवस. रेग्युलेटरला हात लावायचा नाही. पेल एलला साधारण अडीच व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट) गॅस हवा, तो आपोआप मुरतो. पाच पौंडांचा सिलिंडर घ्या, सहा-सात केग सहज निघतात.

सातूचं_पीठ:
निवांत, धन्स. पण फ्रिज तीन-चार दिवसच आहे हो. वर लिहिलंय.

निवांत:
मग लोणची हलवा.

घाईघाई:
लोणची राहू द्या तिथेच. केग एक दिवस गार करा, मग ३० पीएसआयवर २४ ते ३६ तास ठेवा, मग वरची रिंग ओढून जादा दाब सोडा आणि १२ वर आणा. तीन दिवसांत काम फत्ते. फक्त केग हलवत बसू नका. आमच्या एका मित्राने ३० वर लावून मांडीवर घेऊन झुलवला, पाळण्यातलं बाळ असावं तसा. पार्टीत अर्धा ग्लास बिअर आणि दीड ग्लास फेस. कमी गॅस वाढवता येतो, जास्त झालेला काढताना जीव जातो.

म्युनिकचा_मामा:
तुम्हा अमेरिकावाल्यांचं पीएसआय आणि फॅरनहाइट वाचून डोकं दुखतं. आमच्याकडे सरळ ग्रॅम प्रति लिटर. तुमचं अडीच व्हॉल्यूम म्हणजे ५ ग्रॅम. ३ सेल्सिअसला ०.८ बार लावा, झालं. आणि पेल एल कसली करताय, उन्हाळ्यात वाइसबिअर (गव्हाची बिअर) करा.

केगेश्वर:
मामा, त्यांची बिअर फर्मेंटरमध्ये आहे. आता काय परत उकळायची?

टोपीवाला:
केगच्या जोडण्या दोन तऱ्हेच्या, बॉल लॉक आणि पिन लॉक. घेताना बॉल लॉकच घ्या. पेप्सीवाले त्यांच्या पेयासाठी बॉल लॉक वापरायचे, कोकवाले पिन लॉक. सुटे भाग बॉल लॉकचेच पटकन मिळतात.

जुनाखोड:
असहमत. पिन लॉक बुटका असतो, जुन्या फ्रिजमध्ये नीट बसतो, आणि त्यात गॅसची आणि बिअरची जोडणी उलटसुलट लागूच शकत नाही, एकीकडे दोन पिना आणि एकीकडे तीन. माझे सगळे पिन लॉक आहेत.

टोपीवाला:
आणि त्याचे पोस्ट (जोडणीची तोंडं) काढायला वेगळा खाचेचा पाना लागतो, ते नाही सांगितलं तुम्ही.

जुनाखोड:
पाना एकदाच घ्यावा लागतो. आयुष्यभर पुरतो.

साखरफुटाणा:
यीस्ट फुकटात गॅस करतं आणि तुम्ही सगळे विकत घेताय! साखर उकळून गार करायची, केगमध्ये घालायची, वर बिअर. केगला बाटल्यांच्या निम्मी साखर पुरते, म्हणजे पाच गॅलनला साधारण ६० ग्रॅम कॉर्न शुगर. बेसमेंटात दोन आठवडे. शिवाय साखरेचा बुडबुडा बारीक असतो, सिलिंडरच्या बिअरला ती मजा नाही.

चिकित्सक:
बुडबुड्याचं सोडून द्या. कार्बन डायऑक्साइड कुठूनही आला तरी तोच. साखरेचा खरा फायदा असा की भरताना शिरलेला थोडाफार ऑक्सिजन यीस्ट खाऊन टाकतं.

पण निम्म्या साखरेचं प्रकरण अर्धवट सांगितलंय. ७० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये आधीच ०.८५ व्हॉल्यूमच्या आसपास गॅस असतो. अडीचपर्यंत जायला १९ लिटरला साधारण ६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो आणि साखरेच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा कमीच गॅस निघतो. म्हणजे साखर लागते १२० ग्रॅमच्या आसपास. निम्मी चालते ती पुढे सिलिंडर जोडणाऱ्यांना, कारण राहिलेली कसर १२ पीएसआय भरून काढतं. फुटाणा, तुमच्याकडे सिलिंडर आहे ना?

साखरफुटाणा:
आहे. पण तो फक्त बिअर ग्लासात वाढायला.

चिकित्सक:
तेच म्हणतोय.

आणि ताई, बेसमेंटात ७० अंशांवर १२ पीएसआय लावून ठेवू नका, बिअर दीड व्हॉल्यूमवर अडकेल. त्या तापमानाला अडीच हवं तर २८-३० पीएसआय लागतो. साखर घातलीत तरी आतला दाब तिथवर चढेल, घाबरू नका. केग १३० पीएसआयपर्यंतचा असतो, आणि गार झाला की दाब आपोआप उतरतो.

मुळाकाठचा:
पुण्यातून वाचतोय. हे घरी करणं कायदेशीर आहे का? इथे केलं तर?

जुनाखोड:
अमेरिकेत १९७८ च्या कायद्यापासून फेडरल पातळीवर चालतं. घरात एकच प्रौढ असेल तर १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन वर्षाला. विकायची नाही. मिसिसिपी आणि अलाबामा मात्र २०१३ पर्यंत अडून बसले होते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे, तेव्हा तुम्ही आपलं ब्रूपबमध्ये (जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबमध्ये) जा.

मुळाकाठचा:
पुण्यात दूलाली ब्रूपबने २००९ मध्ये सुरुवात केली तेव्हापासून जातोच आहे. तुमच्या या गोठ्यापेक्षा बरं.

म्युनिकचा_मामा:
जर्मनीत हौशी माणसाला वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअरवर कर नाही. आधी मर्यादा २०० होती, २०२४ पासून वाढवली.

केगेश्वर:
कृपया धागा भरकटवू नका. फ्रीझरचे फोटो टाकले आहेत, बघा.

गळतीतज्ज्ञ:
एवढे प्रतिसाद आले आणि मुख्य गोष्ट कुणी लिहिली नाही. जुना केग घेतला की सगळे रबरी ओ-रिंग बदला, दहा-बारा डॉलरचं काम. झाकणाच्या ओ-रिंगला खाण्याजोगं सिलिकॉन ग्रीस लावा. झाकण नुसतं दाबून बसत नाही, भरल्या भरल्या गॅसचा जोराचा दाब द्यावा लागतो. साखरवाल्यांचा घात इथेच होतो: झाकणातून गॅस हळूहळू निसटतो आणि दोन आठवड्यांनी आत सपक पाणी. साबणाचं पाणी फवारून सगळे सांधे बघा. रिकाम्या जागेतली हवा काढायला गॅस भरा, रिंग ओढा, असं सात-आठ वेळा करा, नाहीतर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

सिलिंडर उभाच ठेवायचा. गेजवर विसंबू नका, आत द्रवरूप गॅस आहे तोवर काटा जागचा हलत नाही आणि मग एकदम झोपतो. माझा सिलिंडर एका सैल जोडणीपायी रातोरात रिकामा झालाय, म्हणून एवढं लिहितोय.

घाईघाई:
+१. आणि सिलिंडर गाडीतून आणताना काचा थोड्या उघड्या ठेवा.

रानमेवा:
वाचनखूण साठवली.

निवांत:
मी परत सांगतो, १२ पीएसआय आणि दोन आठवडे. बाकी सगळे खेळ.

सातूचं_पीठ:
सर्वांचे आभार. ठरलं. एक जुना बॉल लॉक केग (६० डॉलरला मिळाला), नवे ओ-रिंग, पिकनिक नळ (नळीच्या टोकाचा हातात धरायचा साधा नळ), आणि कार्बन डायऑक्साइडच्या १६ ग्रॅमच्या काडतुसांचा छोटा चार्जर. सिलिंडर घेत नाहीये. साखर पूर्ण घालणार, ११५ ग्रॅम. झाकण बसवायला आणि हवा काढायला काडतुसं. दोन-अडीच आठवडे बेसमेंटात, मग फ्रिज.

केगेश्वर:
काडतुसं?? ताई, त्यापेक्षा शेणाच्या गोवऱ्या जाळा.

घाईघाई:
काडतुसांवर केग म्हणजे पैशाचा चुराडा. निवांत आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच एकमत आहोत, सिलिंडर घ्या.

निवांत:
एकमत नाही. पण सिलिंडर घ्या.

चिकित्सक:
पुढच्या केगपासून सिलिंडर स्वस्त पडेल, हे खरंच. पण या एका केगला हिशेब बसतो. सगळा गॅस काडतुसांतून द्यायचा तर आठ-नऊ लागली असती. साखर आहे, म्हणजे वाढायला चार-पाच, वर झाकण आणि हवेसाठी दोन-तीन. वाढताना चार्जरचा खटका अगदी थोडा दाबा, त्याला रेग्युलेटर नसतो. ग्रॅव्हिटी (बिअरची घनता) तीन दिवस स्थिर असल्याशिवाय केगमध्ये भरू नका. पहिला ग्लासभर गाळ येईल, तो टाकून द्या. आणि एकदा गार झालेला केग अंगणात नाचवू नका, गाळ वर येईल. फ्रिजमध्येच राहू द्या आणि जगमध्ये भरून बाहेर न्या.

सातूचं_पीठ:
जगची कल्पना आवडली. पण नवऱ्याला केग बर्फाच्या टबात, सगळ्यांसमोर हवाय. वाढदिवस त्याचा आहे. आदल्या रात्रीच टबात नेऊन ठेवू.

गळतीतज्ज्ञ:
तेवीस-चोवीस किलो भरतो. दोघांनी उचला. आणि साबणाचं पाणी विसरू नका.

टोपीवाला:
बॉल लॉक घेतलात, छान केलंत.

जुनाखोड:
फ्रिजचं दार लागतंय का ते आधी बघा म्हणजे झालं.

उशिरा_आलेला:
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. ३८ अंश, १२ पीएसआय, दोन आठवडे, असं कुणी सुचवलंय का?