मदत हवी आहे: डिझाइनसाठी स्वतःची चित्रं करायला कुठून सुरुवात करू?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत एका पत्रिका छापणाऱ्या दुकानात कोरलड्रॉवर बसतो. टायपिंग, मांडणी, प्लेटची फाइल हे सगळं जमतं. चित्राचं मात्र आमच्याकडे एकच शास्त्र: नेटवरून गणपती उतरवायचा, कलश उतरवायचा, बसवायचा. गल्लीतल्या सगळ्या पत्रिका सख्ख्या बहिणी वाटतात.

आता काटोलकडचे एक बागायतदार आलेत. संत्र्याच्या खोक्यासाठी चित्र पाहिजे, पण शेजाऱ्याच्या खोक्यावर आहे तसं नको. छपाई एकाच रंगात, म्हणजे फोटो बाद. मी गोल काढून वर दोन पानं ठेवली, तर म्हणाले, "हे तं टमाटर वाटून राह्यलं, बाप्पा."

शाळेत असताना इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिली होती, तेवढीच चित्रकला. नोकरी सोडून कोर्स जमणार नाही. संध्याकाळी घरी नेमकं काय करत बसू? इंकस्केप शिकू, इलस्ट्रेटर शिकू, की आधी पेन्सिल? युट्युबवर सगळे टूल शिकवतात. काय काढायचं ते कुणीच सांगत नाही.

प्रतिसाद १
भाऊ, कोरल येतं ना, मग सॉफ्टवेअर पुरे. आधी एक संत्रं समोर ठेवा. अख्खं बघा, आडवं कापून बघा, अर्धं सोलून बघा. आपल्या संत्र्याची ओळख गोलात नाहीच, ती सैल सालीत आहे. बोटानं सोललं जातं, फोडी सुट्या होतात. मोसंबीला सुरी लागते. उलगडलेली साल आणि तिच्यातून वर आलेल्या दोन-तीन फोडी, एवढंच काढा. टमाटर कोण म्हणतं बघू.

सराव म्हणून हेच वेगवेगळ्या साधनांनी करा: काळा कागद कापून, बटाट्याचा ठसा करून, ब्रशनं शाईत. पेन्सिल सध्या नको, तिच्यात माणूस छटा देत बसतो. कात्रीला बारीकसारीक जमतच नाही, म्हणून काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावंच लागतं. खरं शिक्षण तिथे होतं. जमलेलं 600 डीपीआयला स्कॅन करून पॉवरट्रेस करा, म्हणजे कोरलच स्कॅनच्या रेषा करून देतं; मग रेषेवरचे फालतू नोड (बिंदू) काढून टाका. कात्रीची कड मात्र थोडी वेडीवाकडी राहू द्या.

आणि पुठ्ठ्याचे काटकोनी दोन तुकडे कापून त्यांची चौकट करा, ती चित्रावर सरकवत जा. अख्खं फळ दाखवायचं की पाव, ते चौकटीतूनच कळतं.

प्रतिसाद २
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरातली मारबतीची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक बघायला वही घेऊन जा. बडग्या, म्हणजे टीकेचा पुतळा, कुणावर काढलाय हे गर्दीत लांबूनही कळतं. त्यासाठी कुठली खूण मोठी केलीय, तेवढीच टिपा.

धागाकर्ता
कागद कापून केलं, बरंच बरं दिसतंय. फोडींमधल्या पांढऱ्या फटी किती बारीक चालतील?

प्रतिसाद १
खोक्याच्या पुठ्ठ्यावर शाई पसरते, बारीक फट बुजून जाते. वाटतं त्याहून जाडच ठेवा. खोके छापणाऱ्याला त्याची कमीत कमी रेष विचारा. मग खऱ्या मापात प्रिंट काढून भिंतीला लावा आणि रस्त्यापलीकडून बघा.