लिहिण्याचा खेळ कसा चालू ठेवता? अनुभव सांगा

छापून यावं, स्पर्धेत नंबर यावा म्हणून लिहिण्याबद्दल आपलं बरंच बोलून झालंय, हा धागा त्यासाठी नाही. निव्वळ मजा म्हणून, कोणी तपासणार नाही असं काही लिहिता किंवा सांगता का, आणि ते टिकवता कसं? माझ्यापासून सुरुवात करते. बिस्किटाच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या ठेवल्यात, ट्रेनमधे कानावर पडलेलं एकेक वाक्य. "तिला सांग आधी कुकर परत कर, मग बोलू" ही सध्याची फेवरिट. चहा टाकला की एक चिठ्ठी काढायची, कुकर कोणाचा ते लिहायला बसायचं. चहा उकळला की पेन खाली, वाक्य अर्धं असलं तरी.

*

आमच्याकडे रात्रीची गोष्ट. लेक तीन वस्तू देणार, मी गोष्ट रचणार, आणि सुरुवात आटपाट नगरानेच झाली पाहिजे हा तिचाच नियम. परवा मिळालं: पाल, ओटीपी, आजोबांची कवळी. मग काय, पालीला राजवाड्यात शिरायचं होतं, पहारेकरी ओटीपी मागत होता, तो यायचा आजोबांच्या मोबाइलवर आणि आजोबा कवळी न लावता 'सात' म्हणाले की पहारेकऱ्याला 'हात' ऐकू यायचं, तो बिचारा हात पुढे करून उभा... इथे ती एवढी हसली की झोपच उडाली, नवरा वैतागला. मला झोप आली की मी पटकन साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण करून टाकायचे. आता ते चालत नाही. पाल आत गेली का ते आधी सांग म्हणते.

*

जि. प. शाळेत शिक्षक आहे. जान्नी रोदारी म्हणून इटलीतले बालसाहित्यिक होऊन गेले, त्यांची युक्ती मी बिनधास्त उचललीये. एका पोराने फळ्याच्या पुढून शब्द लिहायचा, दुसऱ्याने मागून, एकमेकांचा न बघता, मग त्या दोन शब्दांची गोष्ट. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाटाचं. आमचा फळा भिंतीतलाच, म्हणून दोन पाट्या. एकदा आलं 'सरपंच' आणि 'टॉवेल'. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आयतेच हाताशी, ते लावत सुटायचं. सरपंचाचा टॉवेल, ह्यात काही दम नाही. टॉवेलात सरपंच, हां, आता वर्ग हलला. मग एका पोरीने 'टॉवेलांनी सरपंच निवडला' लिहिलं, आणि गावातले सगळे टॉवेल दोरीवर रांगेत लटकून मतदान करतात, ओल्या टॉवेलाला मताचा अधिकार नाही, असं पानभर. स, ला, ते पाठ करताना हीच पोरं जांभया देतात बरं का, इथे प्रत्ययावरून भांडतात. लाल पेन त्या तासाला खिशातच.

*

मी नोव्हेंबरवालं कादंबरी चॅलेंज केलंय, नॅनोरायमो. ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे जवळजवळ १,६६७. १९९९ मधे सॅन फ्रान्सिस्कोकडे २१ जणांनी गंमत म्हणून सुरू केलेलं, जगभर पसरलं, २०२५ मधे संस्थाच बंद करत असल्याचं जाहीर झालं. मला नाही मानवलं. चकल्या पाडतानाही डोक्यात आकडा, आणि शब्द वाढावेत म्हणून पात्रं एकमेकांना पूर्ण नावाने हाका मारायला लागलेली.

*

माझं उलटं. त्या घाईत मागे जाऊन खोडायला वेळच नव्हता म्हणून तर सुटले, एरवी पहिलाच पॅरा घासत बसायची सवय.

*

आम्ही भावंडं सांगली, पुणे आणि डब्लिन. ग्रुपवर साखळी गोष्ट, एकाने एकच वाक्य. ताई रविवारी हिरोला मारते, दादा सोमवारी जिवंत करतो, पण पटेल असं कारण द्यायचं.

*

माझा नाद म्हणजे पहिलीच्या पुस्तकातल्यासारखं लिहिणं, काना मात्रा वेलांटी उकार काहीच नाही. पॅरिसला १९६० मधे लेखक आणि गणितवाल्यांनी मिळून उलिपो नावाचा गट काढला, त्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ मधे फ्रेंचमधलं सगळ्यात जास्त लागणारं अक्षर टाळून अख्खी कादंबरी लिहिली. माझी उडी बसमधे बसल्या बसल्या चार ओळींची:

शरद, सरबत ढवळ.
बबन, गवत उपट.
मदन, दहशत पसरव.
मग बस पकड.

*

मदनचं पुढे काय झालं???

*

खबर: मदन अटक. बबन फरार आहे, पण काना येतो म्हणून तसं लिहिता येत नाहीये.