मदत हवी आहे: पिकअपच्या हौद्याला वरवरचा गंज, पावसाळ्याआधी काय करावं?

वेंगुर्लेकर_पिकअप
गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, २०१२ मॉडेल. हौदा आतून साधारण साडेआठ बाय साडेपाच फूट. आंब्याच्या पेट्या आणि अधूनमधून मासळीचे क्रेट असतात. क्रेट घासून तळाचा रंग उडालाय, तिथे तांबूस गंज आहे. फाळक्याच्या बिजागरीपाशी रंगाला बारीक फोड आलेत. स्क्रूड्रायव्हर दाबून बघितला, पत्रा कुठेच आत जात नाही. डेंटर म्हणतो तळाचा पत्राच बदला. घरी ४ इंची ग्राइंडर आहे, स्प्रे गन नाही. रेड ऑक्साइड आणि वरून ऑइलपेंट, एवढ्यावर भागेल का?

पत्रेकाम
स्क्रूड्रायव्हर आत जात नसेल तर पत्रा बदलायची गरज नाही. फक्त फोड आलेत ती जागा खरवडून परत टोचून बघा, फोडाखाली गंज दिसतो त्यापेक्षा जास्त पसरलेला असतो.

मासळीची गाडी आहे, म्हणून ग्राइंडर लावायच्या आधी हौदा गोड्या पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने ब्रश मारून दोनदा धुवा. खारट पत्र्यावर सरळ ब्रश फिरवला तर मीठ खड्ड्यात दाबलं जातं, आणि रंगाखाली मीठ राहिलं की ते ओलावा ओढतं. पहिल्याच पावसाळ्यात फोड परत येतात. मग सगळे रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात.

वाळल्यावर सुटे पापुद्रे वायर कप ब्रशने काढा, पण त्यावरच थांबू नका. वायर ब्रशने गंज निघण्याऐवजी चकाकतो आणि काळपट, गुळगुळीत थर राहतो. त्यावर ८० नंबरची फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची, पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) हलक्या हाताने, एका जागी न थांबता फिरवा. थांबलात की पत्रा तापतो आणि पातळ होतो. शेवटी जुन्या रंगाची कड १२० आणि मग २२० च्या पेपरने उतरती करा. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये.

केबिनची मागची काच आणि डिझेल टाकीचं झाकण ओल्या गोणपाटाने झाका. ठिणग्या काचेत रुततात, रंगावर पडल्या तर आठवड्यात तांबडे ठिपके दिसतात. गॉगल आणि मास्क हवाच.

रंगाचा_डबा
पुढचा निर्णय जुन्या रंगावर अवलंबून आहे. चिंधीला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून अर्धा मिनिट घासा. रंग चिंधीवर उतरला किंवा चिकट झाला तर मधे कोणीतरी साधा ऑइलपेंट मारलेला आहे. त्यावर एपॉक्सी किंवा पीयू (पॉलीयुरेथेन), म्हणजे हार्डनर घालून कडक होणारा रंग, गेला की खालचा थर सुरकुततो. अशा वेळी एकतर तो पूर्ण काढा, नाहीतर ऑइलपेंटवरच राहा.

रंग हलला नाही तर टू-पॅक (रंग आणि हार्डनर वेगळ्या डब्यांत असलेला) एपॉक्सी प्रायमर घ्या. तळ आणि बाजू मिळून साधारण ८ चौरस मीटर होतात, ब्रशने दोन हातांना २ लिटर पुरेल. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं तेच, अंदाजे ओतायचं नाही. थिनर त्याच कंपनीचा. टर्पेंटाइन घातलंत तर माल वाया. दोन्ही कालवल्यावर डब्यावर सांगितलंय तेवढा वेळ थांबा आणि दोन तासांत संपेल एवढाच कालवा.

रेड ऑक्साइड वाईट नाही, पण त्याला सच्छिद्रपणा असतो. नुसता ठेवून गाडी पावसात काढली की गंज खालून वर येतो.

वेंगुर्लेकर_पिकअप
थिनरने रंग हलला नाही. मग खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन) मारू का? आणि घासून दुसऱ्या दिवशी प्रायमर मारला तर?

पत्रेकाम
दुसरा दिवस नको! किनाऱ्यावरच्या हवेत उघडा पत्रा काही तासांत पिवळा पडतो. सकाळी ऊन चढल्यावर घासा, थिनरच्या स्वच्छ चिंधीने पुसा, दुपारी पहिला हात. केरोसिन किंवा डिझेलने पुसू नका, तेलकट थर राहतो आणि प्रायमर डोळे पाडतो, म्हणजे थरात गोल उघडे ठिपके राहतात. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर काम पुढे ढकला.

कन्व्हर्टर फक्त खड्ड्यांपुरता, मोकळ्या पत्र्यावर नाही. फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाला असेल तर बाटलीवरचा वेळ झाला की धुवा, हीट गनने कोरडा करा. अ‍ॅसिड राहिलं तर एपॉक्सी नीट कडक होत नाही, नखाने सोलून निघतो.

रंगाचा_डबा
वरून टू-पॅक पीयूचे दोन हात. प्रायमरचा पहिला हात रात्रभर वाळवा. पुढचा हात मारायची डब्यावरची मुदत उलटली तर ३२० ने घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक आहे, उघड्यावरच ब्रशने मारा आणि कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क घाला. तळ आणि बाजूच्या सांध्यांत प्रायमरनंतर, पीयूच्या आधी, सीम सीलर (सांधे बुजवायची लवचिक लांबी) भरा. पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका, तळाच्या कडेला असतात आणि सीलर नेमका तिथेच ओघळतो.

आणि रबर मॅट टाकत असाल तर दर आठवड्याला उचलून धुवा. बर्फाचं खारट पाणी तिच्याखालीच साचतं.