काकांचं कार्ड आलं, पुतण्याचं नाही

विषय: लॅक्रॉसची कार्डं कुणाला कळतात का?
प्रेषक: प्रसाद, मिसिसागा

नमस्कार मंडळी,

ही वर्गणीची मेल नाही, तेव्हा न उघडता डिलीट करू नका.

आमच्या चिरंजीवांनी (वय ११) आजीने वाढदिवसाला दिलेल्या पैशांतून ऑनलाइन एक कार्ड मागवलं, खेळाडूचा फोटो छापलेलं, जमवायचं असतं तसलं. जॉन टावारेस, सहीसकट, १८ डॉलर. आइस हॉकीतल्या मेपल लीफ्स संघाचा एवढा मोठा खेळाडू आणि सही इतकी स्वस्त, म्हणून स्वारी आठवडाभर हवेत. पाकीट फोडलं तर आत कुणी भलतेच गृहस्थ. अंगात बफेलो बँडिट्स या लॅक्रॉस संघाची जर्सी, हातात हॉकी स्टिकऐवजी लॅक्रॉसची जाळीची काठी (तिने चेंडू झेलायचा आणि गोलात फेकायचा). विकणाऱ्याला लिहिलं, तर म्हणतो, फोटो नीट बघून घ्यायचा होता. खरं आहे, फोटोत जाळी स्पष्ट दिसते. आम्ही नाव वाचलं आणि बटण दाबलं.

तर हे गृहस्थ कोण? आणि पैसे पाण्यात गेले का? शाळेत पोरं हसली, ते वेगळंच.

प्रसाद

---

प्रेषक: अण्णा, ब्रॅम्प्टन

प्रसाद,

पैसे पाण्यात गेलेले नाहीत. मात्र त्या कार्डावर मुलाच्या कॉलेजची फीही निघणार नाही.

हे लीफ्सच्या टावारेसचे काका. नाव, आडनाव सगळं तेच. बँडिट्सकडून २४ हंगाम खेळले, व्यावसायिक लीगमध्ये दुसऱ्या संघाचं तोंड पाहिलं नाही. खेळाडू म्हणून चार विजेतेपदं, आणि आता प्रशिक्षक म्हणून २०२३, २०२४, २०२५ अशी लागोपाठ तीन. आणि हे सगळं करत असताना तुमच्याच मिसिसागात शाळेत गणित शिकवायचे. लॅक्रॉसच्या पगारात घर चालत नाही, त्यामुळे आठवडाभर नोकरी आणि शनिवारी सामना. काका-पुतण्या म्हटलं की आपल्याला राजकारणच आठवतं, पण इथे प्रकरण सरळ आहे. पुतण्या लहानपणी काकांकडे बघून लॅक्रॉस खेळला आणि पुढे पैसे हॉकीत मिळाले.

आता कार्डांबद्दल. मी बावीस वर्षं जमवतोय, त्यामुळे ही मेल लांबणार. चहा घेऊन बसा.

माझ्याकडे १९१० सालची लॅक्रॉसची सात कार्डं आहेत. मॉन्ट्रियलच्या इंपीरियल टोबॅको कंपनीची, सिगारेटच्या पाकिटातून यायची. जमवणारे त्या संचाला सी५९ म्हणतात. आकार काड्यापेटीहून थोडा मोठा, कोपरे झिजून गोल झालेले, एकावर तर घडी पडलेली. मधोमध मिशीवाला तरुण, मागे सपाट रंग. भिंग लावलं की रंगाचे ठिपके वेगवेगळे दिसतात. एवढं जुनं कार्ड मला दोघांच्या जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत मिळालं. बेसबॉलमध्ये त्याच सुमाराचं, तेही सिगारेटच्याच पाकिटातलं, होनस वॅग्नरचं कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं.

हसू नका, पुढे ऐका. त्याच काळात त्याच कंपनीने हॉकीचाही पहिला संच काढला. त्यात ३६ कार्डं. लॅक्रॉसच्या संचात १००! पुढच्या वर्षीच्या लॅक्रॉस संचात आणखी ९८. कंपनी काही समाजसेवा करत नव्हती, जे चेहरे गिऱ्हाइकाला हवे तेच छापत होती. १९१० मध्ये कॅनडात मोठा खेळ लॅक्रॉस होता, हॉकी धाकटा भाऊ. न्यूझी लालोंद घ्या. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाच्या इतिहासातला पहिला गोल त्याचा, पण त्या दिवसांत त्याला जास्त पैसे लॅक्रॉसमध्ये मिळायचे. हॉकी आणि लॅक्रॉस दोन्हींच्या हॉल ऑफ फेममध्ये तो आहे. तोच माणूस, त्याच कंपनीने छापलेला. पण हॉकीचं कार्ड निघालं की लोक तुटून पडतात आणि लॅक्रॉसच्या कार्डापुढे मी एकटा बसलेला असतो.

मग पहिलं महायुद्ध आलं, व्यावसायिक मैदानी लॅक्रॉस ढेपाळलं. १९३०च्या दशकात हॉकीची स्टेडियमं उन्हाळ्यात रिकामी पडतात म्हणून मालकांनी बर्फ काढून आत लॅक्रॉस खेळवलं. तेच आजचं बॉक्स लॅक्रॉस. कॅनडाचा राष्ट्रीय उन्हाळी खेळ म्हणून लॅक्रॉसला कायद्याने मान मिळाला १९९४ मध्ये. मान मिळाला, गिऱ्हाईक नाही मिळालं.

तर मुद्दा असा, की दुर्मीळ असणं आणि महाग असणं यांचा फारसा संबंध नाही. काकांच्या सहीची कार्डं पुतण्याच्या कार्डांपेक्षा बहुधा कितीतरी कमी असतील. पण किंमत ठरायला निदान दोन माणसं हटून बसावी लागतात. हॉकीचं कार्ड असलं की काल ते कितीला विकलं गेलं ते पाच मिनिटांत बघता येतं. लॅक्रॉसमध्ये मागची विक्री दीड वर्षापूर्वीची असते, आणि घेणारा बहुतेक वेळा मीच असतो.

अण्णा

---

प्रेषक: वृंदा, ओकव्हिल

अण्णा, बावीस वर्षं! वहिनींना हे माहीत आहे का?

आमच्या लहानपणी बिग फन च्युइंगमच्या कागदावर क्रिकेटच्या धावा छापलेल्या असायच्या, त्या पुऱ्या झाल्या की बक्षीस. माझ्या भावाने त्या जमवण्यासाठी इतकं च्युइंगम खाल्लं की आईने दातांच्या डॉक्टरचं बिल बाबांपुढे टाकलं. त्या कागदांचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. रद्दीत गेले असणार. आपल्याकडे क्रिकेटचं एवढं वेड, मग क्रिकेटची कार्डं का नाही लाखांनी विकली जात? आणि १८ डॉलर कार्डात घालण्यापेक्षा पोराच्या नावाने बँकेत ठेवले असते तर? (मी बँकेत आहे, मला हे विचारावंच लागतं.)

वृंदा

---

प्रेषक: अण्णा, ब्रॅम्प्टन

वहिनींना सात कार्डं माहीत आहेत. सगळी किती, ते इथे लिहीत नाही.

वृंदा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच मेलमध्ये आहे. रद्दीत गेले! क्रिकेटची कार्डं बेसबॉलपेक्षा फार उशिरा आली नाहीत. विल्सने इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये क्रिकेटपटूंचा ५० कार्डांचा संच काढला, आणि रणजितसिंहजींचीही सिगारेटची कार्डं आहेत. पण आपल्याकडे कागद बक्षिसासाठी जमवला, कागदासाठी नाही. धावा पुऱ्या झाल्या की द्यायचा आणि मोकळं व्हायचं. अमेरिकेत १९५०च्या दशकातल्या पोरांनी बेसबॉलची कार्डं खोक्यात ठेवली, बऱ्याच आयांनी खोकी फेकली, आणि उरलं ते महाग झालं. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२चं टॉप्स कंपनीचं कार्ड १.२६ कोटी डॉलरला गेलं, त्यात त्या आयांचा हात मोठा आहे. पुढे १९८०च्या शेवटी सगळेच शहाणे झाले, खोकी जपून ठेवली, कंपन्यांनीही वारेमाप छापलं. त्या काळातली बेसबॉलची कार्डं आज गराज सेलमध्ये पसाभर घ्या, कुणी मोजत नाही.

बँकेबद्दल तू म्हणतेस ते बरोबर. गुंतवणूक म्हणून लॅक्रॉस कार्ड घेणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं, मी त्याला परावृत्त करीन. ग्रेडिंगला पाठवायचं, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून दहापैकी गुण द्यायचे आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायचं, तर तो खर्चच कार्डापेक्षा जास्त. म्हणून माझी सगळी कार्डं उघडी आहेत. हातात घेता येतात. हॉकीवाल्या मित्राचं महागडं कार्ड तिजोरीत असतं आणि तो मला त्याचा फोनवरचा फोटो दाखवतो.

एक मात्र बघायला मजा येईल. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि लॅक्रॉस दोन्ही परत येतायत, आणि तो ठराव झाला कुठे, तर मुंबईत, ऑक्टोबर २०२३मध्ये. लॅक्रॉसची पदकं याआधी १९०४ आणि १९०८ला होती, दोन्ही वेळा सुवर्ण कॅनडाला. ज्यांनी हा खेळ जगाला दिला त्या हॉडेनोशोनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांना मात्र स्वतःच्या झेंड्याखाली उतरायचं आहे आणि ऑलिंपिक समिती तयार नाही. त्यांच्यातला लाइल थॉम्पसन ज्याने खेळताना पाहिलाय, त्याला यातला अन्याय समजावून सांगावा लागत नाही. त्याचं कार्ड मिळालं तर जरूर घ्या. हा एकच सल्ला मी फुकट देतो.

अण्णा

---

प्रेषक: प्रसाद, मिसिसागा

अण्णा, तुमची मेल चिरंजीवांना वाचून दाखवली. काका गणिताचे मास्तर होते, हे त्याला सगळ्यात भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्याने तेच सांगितलं, आणि एका मुलाने ते कार्ड २५ डॉलरला मागितलं म्हणे. दिलं नाही. आता पुतण्याचं कार्ड घेऊन दोघांना एकाच पानात समोरासमोर लावायचंय. पुतण्या किती पडेल ते मी बघितलं. आजीचे पुढच्या वाढदिवसाचे पैसेही त्यात जातील.

फराळाच्या कार्यक्रमाला तुम्ही कार्डं आणाल का? चार-पाच मुलं उत्सुक आहेत.

प्रसाद

---

प्रेषक: अण्णा, ब्रॅम्प्टन

आणतो. पण कार्डं आधी, फराळ नंतर. चकलीचा हात १९१०च्या कागदाला लागला तर मी मंडळ सोडीन.