नेट नसलं तरी खेळता येईल असा शूटर (गोळीबाराचा गेम)

येणाऱ्या कोणत्या गेमची सगळ्यात जास्त वाट बघताय, या प्रश्नावर वर बहुतेकांनी जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो ६) लाच पहिला नंबर दिलाय. गेम मोठाच आहे, पण भाऊ, १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर तारीख पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोल्सची आहे. पीसीवाल्यांनी तेवढं ध्यानात ठेवा.

मी वाट बघतोय 'हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड'ची. २००१ च्या पहिल्या हेलो या शूटरची मोहीम (कथेचा भाग) अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर नव्यानं बांधलीय, सोबत तीन नवी मिशन्स, आणि हेलो पहिल्यांदाच प्लेस्टेशनवर येतोय. त्यात एकमेकांविरुद्धचं मल्टिप्लेअर नाही म्हणून वर काहींनी नाक मुरडलं. मला ते बिलकुल खटकत नाही. कन्सोलवर स्प्लिट-स्क्रीन आहे, एकाच टीव्हीवर दोघं भाऊ खेळू शकतात! आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात संध्याकाळी सगळे मोबाइल घेऊन बसले की पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, चढतं. आपण भिंतीआड पोचलेलो असतो, पण सर्व्हरच्या हिशेबानं अजून उघड्यावरच. गोळी लागते ती भिंतीमागं. अशा नेटवर नेम कितीही चांगला असून उपयोग काय?

'गिअर्स ऑफ वॉर: ई-डे'ही यादीत घ्या. पहिल्या गेमच्या १४ वर्षं आधीची कथा, त्यात मालिकेचे नायक मार्कस आणि डॉम तरुणपणीचे.

एका टीव्हीवर दोघांना खेळता येतील असे आणखी कोणते शूटर येतायत? माहीत असेल त्यानं नक्की लिहा.