मदत हवी आहे: अणुकचऱ्याच्या काचेत आतून नक्की काय बिघडतं?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बेळगावात एम.एस्सी. फिजिक्स करतेय. गावच्या वाचनालयात मराठीतून तासभर बोलायचं कबूल करून बसलेय. कैगाचं अणुवीज केंद्र शेजारच्याच जिल्ह्यात, त्यामुळे आमच्याकडं अणुवीज म्हटलं की पहिला प्रश्न कचऱ्याचा. "काचेत मुरवून ठेवतात" असं म्हटल्यावर एक काका लगेच म्हणाले, "पोरी, मग ती काच आतनं फुटत न्हाई व्हय?" त्यांना "नाही" एवढंच सांगून भागणार नाही.

मला समजलंय ते असं. प्लुटोनियम-२३९ (अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षं) अल्फा कण (हीलियमचं केंद्रक) फेकतं आणि त्याचं युरेनियम-२३५ होतं. अल्फाची ५ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) वरची ऊर्जा बहुतेक इलेक्ट्रॉन हलवण्यातच जाते, अणू जागचे हलतात ते काहीशेच. खरा धुमाकूळ उलट दिशेला उसळणाऱ्या युरेनियमच्या केंद्रकाचा. त्याच्याकडे ऊर्जा असते जेमतेम ८६ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि धाव वीस-तीस नॅनोमीटरची, पण कॅरमची मांडणी पहिल्या स्ट्रोकला फुटावी तसे हजारभर अणू तेवढ्यात विस्कटतात.

स्फटिकात हे सरळ दिसतं. युरेनियम-थोरियम बाळगून कोट्यवधी वर्षं पडून राहिलेल्या झिरकॉन या खनिजाची रचना पार मोडते, घनफळ १८ टक्क्यांपर्यंत वाढतं. केंब्रिजच्या २००७ सालच्या एनएमआर (अणूंची मांडणी चुंबकीय पद्धतीने तपासणाऱ्या) अभ्यासाचा हिशेब तर असा की १० टक्के प्लुटोनियम-२३९ असलेला झिरकॉन १,४०० वर्षांतच स्फटिकपणा गमावेल. भूगर्भशास्त्राच्या मानाने हे काहीच नाही!

अडतं इथं. आपल्याकडे तुर्भे, तारापूर, कल्पाक्कमला वापरतात ती बोरोसिलिकेट (बोरॉन आणि सिलिका मिळून झालेली) काच. तिच्यात मुळातच क्रमवार रचना नाही. मग मोडायचं काय? तरीही बदल होतात आणि पुढे थांबतात, असं वाचलं. का थांबतात? आणि क्युरियम-२४४ (अर्धायुष्य १८ वर्षं) घालून हजारो वर्षांचा मारा थोडक्या वर्षांत उरकतात, त्या चाचणीवर विसंबायचं का?

प्रतिसाद १
ताई, आधी एक दुरुस्ती. पुनर्प्रक्रियेत (वापरलेल्या इंधनातून कामाचा भाग वेगळा काढताना) प्लुटोनियम बहुतेक सगळं काढून घेतात. काचेतले अल्फा मुख्यतः अमेरिसियम आणि क्युरियमचे.

काचेत लांबवर क्रम नसला तरी जवळचा असतो. बोरॉनचे काही अणू चार ऑक्सिजनना धरून असतात, काही तिघांना. उसळलेलं केंद्रक घुसलं की तेवढा इवलासा भाग क्षणभर वितळल्यासारखा होतो आणि लगेच गोठतो. भट्टीतली काच इतक्या झटक्यात कधीच थंड होत नाही. त्यामुळे चार हातांचे काही बोरॉन तीन हातांचे होतात, काच किंचित फुगते (एक टक्क्याच्या आतच) आणि कठीणपणा उतरतो. गंमत म्हणजे तडकायला ती उलट आधीपेक्षा कमी दाद देते. एकदा सगळी जागा अशी गोठून झाली की दुसऱ्या माऱ्याला बदलायला फारसं उरत नाही, म्हणून बदलाचा आलेख आडवा होतो. माऱ्याचा वेग कमीजास्त ठेवलेल्या चाचण्याही साधारण त्याच पातळीवर येऊन थांबतात, तेव्हा क्युरियमची पद्धत मला तरी पटते.

काकांना सांगा, भेगा पडतात त्या मुख्यतः काच डब्यात ओतून थंड होताना. पुढची काळजी पाण्याची: ते पोचलं तर काच किती विरघळेल?

धागाकर्ती
आभार! बोरॉनचे हात फळ्यावर काढून दाखवता येतील. आता कचऱ्यातल्या सीझियमचं कुणी सांगा की. सीझियम-१३७ चं बेरियम होताना प्रभार एकाचा दोन होतो आणि आयनही लहान होतो. सिनरॉकसारख्या सिरॅमिकमध्ये जादा इलेक्ट्रॉन टायटॅनियम सामावून घेऊ शकतं. काचेत ते काम लोखंडाकडे जातं का?