जंगी लाट, मुलकी लाट आणि लॉर्ड कॉर्नवॉलिस

जुन्या मजकुरात ‘जंगी लाट’ असं वाचलं की आज बऱ्याच जणांना ‘फार बडा साहेब’ एवढाच अर्थ लागतो. जंगी सभा, जंगी कुस्त्या ऐकून ऐकून जंगी म्हणजे प्रचंड हे डोक्यात पक्कं बसलंय. मूळ फारसी ‘जंग’ म्हणजे लढाई, आणि जंगी म्हणजे लष्करी. ‘लाट’ हा लॉर्डचा देशी उच्चार. तेव्हा जंगी लाट म्हणजे इंग्रजी फौजेचा सरसेनापती. कारभार पाहणारा गव्हर्नर जनरल तो मुलकी लाट. उत्तरेत बिशपलाही ‘लाट पाद्री’ म्हणत.

‘मुलकी’ आपल्याकडे अजून जिता आहे. गावात मुलकी पाटील वसुलीचं पाहायचा, पोलीस पाटील बंदोबस्ताचं. एकाच घरात दोन्ही पाटिलक्या असल्या तरी कामं निराळी धरली जात.

हे दोन्ही लाट एकाच अंगरख्यात शिरले ते चार्ल्स कॉर्नवॉलिस या इंग्रजाच्या रूपाने. जन्म १७३८चा, घराणं अर्लचं, शिक्षण ईटनला. सैन्यातला पहिला हुद्दा पैसे भरून घेतलेला, तशी तेव्हा रीतच होती. १७६२मध्ये वडील वारले आणि हा अर्ल झाला. आपल्या पुस्तकांत अशा माणसाला सर्रास ‘सरदार’ म्हणतात, ते मला पटत नाही. आपला सरदार सरंजाम खायचा आणि त्याबदल्यात पागा बाळगायचा. अर्लची पदवी बापाकडून आलेली, पलटण मात्र राजाची. इथे ‘उमराव’ जास्त बरोबर बसतो.

हाच उमराव अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ला यॉर्कटाउनला शरण आला. शरणागतीच्या समारंभाला तो स्वतः गेलाच नाही. तब्येतीचं कारण सांगून हाताखालच्या ओहारा नावाच्या सेनापतीला तलवार घेऊन पाठवलं. एवढं होऊनही त्याची पत गेली नाही. हिंदुस्थानात यायला त्याने अट घातली: कौन्सिलचं, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या सल्लागार मंडळाचं, मत डावलण्याचा अधिकार हवा आणि फौजही माझ्याच हाती हवी. १७८६मध्ये दोन्ही मिळालं आणि तो गव्हर्नर जनरल झाला.

आता ‘गव्हर्नर जनरल’मधल्या ‘जनरल’विषयी. हा लष्करी हुद्दा नव्हे. १७७३च्या कायद्याने बंगालच्या गव्हर्नराला मद्रास आणि मुंबईच्या वर नेमलं, म्हणून ‘जनरल’, म्हणजे सगळ्यांवरचा. वॉरन हेस्टिंग्ज सेनापती नव्हता, तरी गव्हर्नर जनरल होताच. भाषांतरात ‘राज्यपाल सेनापती’ असलं काही दिसलं की जीव कळवळतो. ‘राज्यपाल’ तर राज्यघटनेतलं पद. वसाहतीच्या काळाला ‘गव्हर्नर’च ठेवावं.

कॉर्नवॉलिसच्या जंगीपणाचं मराठी मुलखाशी नातं आहे. टिपूवरच्या मोहिमेत मे १७९१मध्ये तो श्रीरंगपट्टणाजवळ पोचला खरा, पण दाणागोटा संपला, बैल मेले, वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच नासवून माघार घ्यावी लागली. वाटेत घोडेस्वार दिसले ते आधी शत्रूचे वाटले. निघाले दोस्त मराठे: हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज. तिच्याबरोबर बाजार चालत होता. उपाशी इंग्रज शिपायांना तिथे धान्य मिळालं, भाव चढे असले तरी. सराफांच्या फळ्यांवर देशोदेशीची नाणी होती, काश्मिरी शाली होत्या, विलायती चाकू होते आणि कोकणातली खारवलेली सुकी मासळीही होती! ‘बुणगे’ म्हणजे फौजेबरोबर चालणारे न लढणारे लोक; हा शब्द आपण किती हलक्याने वापरतो; त्या दिवशी बुणग्यांनीच कंपनीची फौज जगवली. पुढच्या वर्षी टिपूने निम्मं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले, दोन मुलगे ओलीस दिले.

मुलकी बाजूचा त्याचा ठसा म्हणजे १७९३चा ‘कायमधारा’. धारा म्हणजे जमिनीवरचा सरकारी आकार. बंगालात तो जमीनदारांशी कायमचा ठरवून टाकला. जमीनदाराने कुळाकडून किती घ्यावं याला धड बंधन नव्हतं, ते कुळांना फार भोवलं. मुंबई इलाख्यात पुढे रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून धारा घ्यायची पद्धत, आली, म्हणून आपल्या बोलीत ‘धारा’ राहिला, ‘कायमधारा’ पाठ्यपुस्तकातच. हिंदी लोकांना वरच्या जागा त्यानेच बंद केल्या, हेही त्याच्या नावावर लिहायला हवं.

नंतर आयर्लंडातही त्याने दोन्ही सत्ता एकत्र सांभाळल्या. १८०५मध्ये परत इकडे आला आणि ५ ऑक्टोबरला गाझीपूरला वारला. तिथली त्याची कबर लोक अजून लाटसाहेबांच्या नावाने ओळखतात.

आपल्याकडे तो शब्द उरला तो ‘मोठा लाटसाहेब लागून गेलास’ या टोमण्यात. यातला लाट मुलकी की जंगी, याचा मागमूस राहिलेला नाही. तुमच्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी ‘जंगी लाट’ लष्करी अर्थाने ऐकला असेल, तर गावाच्या नावासकट ते वाक्य इथे लिहा.